टायरची गुणपत्रिका कशी वाचावी

दोन सारख्याच मोटारी, सारखेच ब्रेक, सारखाच भिजलेला डांबरी रस्ता. दोन्हींचा वेग ताशी ८० किलोमीटर. दोन्ही चालकांनी एकाच खुणेवर ब्रेक पूर्ण दाबला. पहिली गाडी ३० मीटरवर थांबली, दुसरी ३५ मीटरवर. पाच मीटर म्हणजे जेमतेम एका गाडीची लांबी. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. शाळेत शिकलेले गतीचे सूत्र लावून पाहा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून जाताना दुसरीचा वेग अजून ताशी ३० किलोमीटर असतो. त्या जागी एखादा ट्रक उभा असेल, तर पहिल्या गाडीतली माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतील आणि दुसरी गाडी ट्रकवर आदळेल. फरक फक्त टायरचा.

हे दोन आकडे सूत्र समजावे म्हणून घेतले आहेत. पण एकाच मापाच्या, दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या टायरमध्ये ओल्या रस्त्यावर एवढा, कधी याहूनही मोठा फरक चाचण्यांमध्ये दिसतो. कोरड्या रस्त्यावर तोच फरक बराच आक्रसतो. वेगवान मोटारींसाठीच्या उन्हाळी टायरची तुलना करताना सगळ्यात आधी हे लक्षात घ्यायला हवे. आपण मात्र दुकानात गेल्यावर विचारतो ते कंपनी कोणती, किती किलोमीटर चालेल आणि किंमत किती. पाण्यात हा टायर किती धरतो, हे विचारणारा विरळा. तो प्रश्न पहिल्या क्रमांकावर यावा, यासाठी हा लेख.

उन्हाळी टायर आपलाच

जर्मनीत राहणाऱ्या बहुतेक मोटारमालकांकडे टायरचे दोन संच असतात. ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी आणि उरलेल्या दिवसांत उन्हाळी, असा तिथला ढोबळ संकेत. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्याच वर्षी हा रिवाज शिकावा लागतो, कारण बर्फाळ वा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवणे तिथे बेकायदा आहे. यामागचे कारण रबराच्या स्वभावात आहे. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, पण तेच उन्हात इतके लिबलिबीत होते की गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि टायर भराभर झिजतो.

महाराष्ट्रात पारा ७ अंशांच्या खाली जातो तो निफाडसारख्या ठिकाणी, थंडीतल्या मोजक्या पहाटे. म्हणजे आपल्या मोटारींना जे टायर लागतात, ते युरोपच्या भाषेत उन्हाळीच. जर्मनीतील एडीएसी ही मोटारमालकांची मोठी संस्था, तिथली मोटार-मासिके आणि इंग्लंडमधील परीक्षक दर वर्षी उन्हाळी टायरच्या ज्या तौलनिक चाचण्या घेतात, त्या त्यामुळे आपल्यालाही थेट उपयोगी पडतात. एडीएसीने २०२३ मध्ये २०५/५५ आर १६ या एकाच मापाचे ५० टायर तपासले होते. आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या गाड्यांवर हेच माप असते.

दीडशे चौरस सेंटिमीटर

टायरवर एवढा विचार का करायचा, ते एका सोप्या गणितातून कळते. १,४०० किलोची मोटार धरा. प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो भार आला. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर ती हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो भार पेलते. भागाकार केला की उत्तर येते साधारण १५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे २० सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर लांब असा एक तुकडा. अशा चार तुकड्यांच्या भरवशावर ती गाडी वळते, थांबते आणि वेग घेते. इंजिनाची ताकद, एबीएस, स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्यांचे काम शेवटी या चार तुकड्यांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. हवेचा दाब तोच ठेवून रुंद टायर बसवला, तर रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. बदलतो तो त्याचा आकार. तुकडा आडवा रुंद आणि पुढे-मागे आखूड होतो. वळणावर हा आकार फायद्याचा, कारण बाजूने येणारा जोर तो चांगला पेलतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. त्यामुळे रुंद टायर म्हणजे सरसकट सुरक्षित टायर, ही समजूत खरी नाही.

पकड येते कुठून

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. पहिल्या प्रकारात रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला अतिसूक्ष्म अंतरावर चिकटतात आणि सुटतात. दुसऱ्या प्रकारात रबर खडीच्या उंचसखल टोकांवर दाबले जाते, त्यांचा आकार घेते आणि पूर्ववत व्हायला थोडा उशीर लावते. या उशिरामुळे खडीच्या एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पडतो, आणि गाडी घसरण्याला विरोध होतो. कोरड्या रस्त्यावर दोन्ही प्रकार जोमाने काम करतात. रस्ता भिजला की पाण्याचा पातळ पापुद्रा मध्ये येतो आणि पहिला प्रकार जवळपास निकामी होतो. उरतो दुसरा, आणि तो सर्वस्वी रबराच्या मिश्रणावर अवलंबून असतो. कोरड्यात सगळे टायर एकमेकांच्या जवळ आणि ओल्यात लांब का जातात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

रबराला पूर्ववत व्हायला लागणाऱ्या या उशिरात ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. ब्रेक दाबल्यावर ती खर्च व्हावी, हे आपल्याला हवेच असते. पण सरळ रस्त्यावर निवांत जातानाही टायर प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो, आणि तिथे खर्च होणारी ऊर्जा म्हणजे वाया गेलेले पेट्रोल. मग जास्त पकड म्हणजे जास्त इंधन हे ठरलेलेच का? बरीच वर्षे ते तसेच होते. यातून वाट निघाली ती वारंवारतेच्या फरकामुळे. ताशी ८० किलोमीटरला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, म्हणजे टायर वाकण्याची लय संथ असते. खडीवरून घसरताना मात्र रबराला सेकंदाला हजारो ते लाखो हादरे बसतात. संथ लयीत कमी ऊर्जा खाणारे आणि जलद हादऱ्यांना जास्त खाणारे मिश्रण बनवता आले, तर दोन्ही साधते.

मिशलिनने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या टायरने नेमके हे केले. तोवर टायरच्या रबराला बळकटी देण्यासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी वापरत. टायर काळा असतो तो तिच्यामुळेच. मिशलिनने तिच्या बऱ्याच भागाच्या जागी सिलिका वापरली. सिलिका पाण्याशी सलगी करणारी, रबर पाण्यापासून दूर पळणारे. दोघांचे जमत नाही. त्यांना बांधून ठेवण्यासाठी सिलेन नावाची रसायने लागतात. ही सोयरीक जमल्यावर इंधनाचा खर्च कमी झाला आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकली. आज वेगवान मोटारींचा क्वचितच एखादा उन्हाळी टायर सिलिकाशिवाय बनतो.

तरीही तडजोड संपलेली नाही. टायर-अभियंते ओली पकड, कमी इंधन आणि दीर्घ आयुष्य या तिघांचा त्रिकोण मांडतात. एक टोक ओढले की दुसरे आत येते. खाचा रुंद केल्या की पाणी लवकर बाहेर पडते, पण रस्त्याला टेकणारे रबर कमी होते आणि कोरड्यात स्टिअरिंगचा प्रतिसाद ढिला होतो. रबर मऊ केले की पकड वाढते आणि झीजही वाढते. प्रत्येक कंपनी या त्रिकोणात आपली जागा निवडते. टायरची तुलना म्हणजे त्या निवडींची तुलना.

परीक्षा कशी होते

ओल्या रस्त्यावर ब्रेकची चाचणी जवळून पाहिली, तर त्यामागची शिस्त कळते. ठरावीक पोत असलेला डांबराचा पट्टा फवाऱ्यांनी सतत भिजवतात. वर पाण्याचा थर ठेवायचा तो साधारण १ मिलिमीटरचा. चालक ८० पेक्षा किंचित जास्त वेगाने पट्ट्यावर येतो आणि ब्रेक पूर्ण दाबतो. एबीएस आपले काम करते. गाडीतले यंत्र ताशी ८० पासून २० किलोमीटरपर्यंत वेग उतरायला किती अंतर लागले, ते मोजते. शेवटचे २० सोडून देतात, कारण इतक्या कमी वेगात एबीएसचे वागणे दर वेळी सारखे नसते आणि त्याने टायरचा हिशेब बिघडतो. हीच धाव पुन:पुन्हा घेतात आणि सरासरी काढतात.

पण सकाळी तपासलेला टायर आणि दुपारी तपासलेला टायर यांची तुलना न्याय्य कशी होणार? दरम्यान ऊन चढते, पाणी तापते, वारा फिरतो. म्हणून एक संदर्भ टायर ठेवतात. त्याची घडण आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली असते. अधूनमधून तोच टायर गाडीला लावून पुन्हा धावतात. त्याचे अंतर सकाळपेक्षा बदलले असेल, तर बाकी सगळ्यांचे आकडे त्या प्रमाणात दुरुस्त करतात. कुणी एकाच गाडीवर आज एक आणि महिन्याभराने दुसरा टायर लावून सांगितलेला अनुभव आणि अशी चाचणी यांत फरक आहे तो इथे.

साचलेल्या पाण्याची परीक्षा वेगळी. त्यासाठी सुमारे ७ ते ८ मिलिमीटर पाण्याच्या पट्ट्यातून गाडीची एका बाजूची चाके नेतात आणि दुसऱ्या बाजूची कोरड्यावर ठेवतात. वेग वाढवत जाताना एका क्षणी पाण्यातले चाक कोरड्यातल्या चाकापेक्षा जोरात फिरू लागते, म्हणजे ते रस्ता सोडून पाण्यावर तरंगते आहे. तो वेग नोंदवतात. वळणावर हीच परीक्षा घेताना पाण्यात शिरल्यावर गाडीला वळवण्याची किती ताकद शिल्लक राहते, ते मोजतात.

या तरंगण्याचे मूळ गणित मांडले गेले ते विमानांसाठी. अमेरिकेतील नासाच्या लँग्ली केंद्रातील संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवले की खाचांच्या आवाक्याबाहेरचे पाणी असेल, तर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला ही मर्यादा ताशी सुमारे ९५ किलोमीटर येते आणि २४ पीएसआयला सुमारे ८२. मोटारीच्या टायरसाठी हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. हवा कमी असलेला महागडा टायर आपला गुण स्वत:च गमावून बसतो.

झीज मोजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सारख्या गाड्यांचा ताफा हजारो किलोमीटर फिरवतात, ठरावीक अंतराने चालक आणि गाड्यांचा क्रम बदलतात आणि खाचांची खोली मोजत राहतात. अमेरिकेत टायरवर झिजेचा जो अंक छापावा लागतो, त्यासाठी टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या वळशावर एकूण ११,६०० किलोमीटर गाड्या चालवतात.

मैदानातले खेळाडू

वेगवान मोटारींसाठी खास टायर ही कल्पना नवी नाही. पिरेलीने १९७० च्या दशकात पी ७ हा बुटक्या बाजूंचा रुंद टायर आणला आणि तो पोर्शे ९११ टर्बोसारख्या गाड्यांवर गेला. टायरच्या आतल्या पट्ट्यांवर नायलॉनचा घट्ट वेढा दिल्यामुळे प्रचंड वेगातही तो फुगत नव्हता. आजच्या टायरमध्ये हाच वेढा नायलॉनसोबत अरामिडचा, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात त्या जातीच्या धाग्याचाही असतो.

आजच्या स्पर्धेत मिशलिनचा पायलट स्पोर्ट ५ (२०२२) आणि त्याचा थोरला भाऊ पायलट स्पोर्ट ४ एस यांची ओळख आहे ती पकड आणि आयुष्य यांचा मेळ. तुलनांमध्ये झिजेच्या रकान्यात मिशलिन बहुधा वर असते. पायलट स्पोर्ट ५ ओल्या ब्रेकमध्ये मात्र दर वेळी पहिला नसतो. कॉन्टिनेंटलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ (२०२१) ओल्या आणि कोरड्या दोन्ही रस्त्यांवर आघाडीवर राहतो आणि त्या पकडीची किंमत काहीशा लवकर झिजण्यातून वसूल होते. ब्रिजस्टोनचा पोटेंझा स्पोर्ट (२०२१) थोड्या अंतरात थांबवण्यासाठी नावाजला गेला, पण झीज आणि इंधन या दोन विषयांत तो मागे पडतो. गुडइयरचा ईगल एफ १ असिमेट्रिक ६ (२०२२) एखाद्याच विषयात झळकण्यापेक्षा सगळीकडे बरे गुण मिळवणारा. अपोलो टायर्सने २००९ मध्ये घेतलेल्या डच व्रेडेस्टाइनची अल्ट्रॅक मालिकाही या स्पर्धेत आहे आणि भारतीय मालकीचे नाव युरोपच्या चाचण्यांत दिसू लागले आहे, याचा आनंद वाटतो.

माप आणि वर्ष बदलले की हे क्रम हलतात. त्यातच पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज अशा कंपन्या आपल्या गाड्यांसाठी तोच टायर थोडा बदलून घेतात आणि त्यावर वेगळी खूण असते. त्यामुळे एका मापाच्या टायरचा निकाल दुसऱ्या मापाला जसाच्या तसा लावता येत नाही.

तुलना एकाच वर्गातल्या टायरची असावी, हेही महत्त्वाचे. आरामदायी प्रवासासाठीचे उन्हाळी टायर शांत असतात, जास्त चालतात आणि इंधन वाचवतात. त्यांच्यावर वेगवान वर्गातले टायर. त्याच्याही वर पायलट स्पोर्ट कप २ सारखे, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेले पण मुळात शर्यतीच्या पट्टीसाठी घडवलेले टायर. कोरड्या पट्टीवर हा शेवटचा वर्ग सगळ्यांना मागे टाकतो, पण त्याच्या खाचा थोड्या आणि उथळ असतात. साचलेल्या पाण्यात तो घेऊन जाणे धोक्याचे आहे. पट्टीवरचा सर्वांत जलद टायर आणि कोकणात जुलैमध्ये चालवण्याजोगा टायर यांची गाठ एकाच टायरमध्ये पडत नाही.

एकूण गुण फसवे

आपण मुलांची गुणपत्रिका पाहतो तेव्हा एकूण टक्क्यांवर थांबत नाही. कोणत्या विषयात किती, ते पाहतो. टायरच्या तुलनेतही तसेच पाहायला हवे. एडीएसी २०२३ पासून सुरक्षेला ७० टक्के आणि पर्यावरणाला ३० टक्के वजन देते. एखाद्या महत्त्वाच्या विषयात टायर फारच कच्चा निघाला, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्याची एकूण श्रेणी खाली आणली जाते. ही पद्धत मला योग्य वाटते. ओल्या रस्त्यावर न थांबणारा टायर इंधन वाचवतो म्हणून चांगला ठरू शकत नाही.

युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरवर लेबल असते. मे २०२१ पासून त्याचे नवे रूप लागू आहे. इंधन आणि ओली पकड यांसाठी ए ते ई अशा श्रेणी, सोबत आवाजाचा आकडा. ओल्या पकडीत संदर्भ टायरला १ धरतात आणि त्याच्या किमान १.५५ पट पकड असेल तर ए श्रेणी मिळते, १.०९ किंवा त्याहून कमी असेल तर ई. गणित करून पाहिले, तर ए श्रेणीचा टायर जिथे ३० मीटरमध्ये थांबतो, तिथे ई श्रेणीचा ४२ मीटरच्याही पुढे जातो. ही लेबलवरच्या अक्षराची किंमत आहे. लेबल वाचताना त्याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. कोरडी पकड, साचलेले पाणी आणि आयुष्य यांबद्दल लेबल काहीच सांगत नाही. ते तपशील स्वतंत्र चाचण्यांतच मिळतात.

अमेरिकी पद्धतीचे अंक आपल्याकडच्या पुष्कळ टायरवरही कोरलेले असतात: झिजेचा अंक, पकडीसाठी एए, ए, बी, सी आणि उष्णतेसाठी ए, बी, सी. पायलट स्पोर्ट ४ एस चा झिजेचा अंक ३००. आरामदायी वर्गातल्या टायरवर तो ५०० च्या पुढेही जातो. हा अंक कंपनी स्वत:च जाहीर करते, म्हणून दोन कंपन्यांचे अंक समोरासमोर ठेवून हिशेब करू नये. एकाच कंपनीच्या दोन टायरमधला फरक समजायला तो उपयोगी.

आपल्याकडे मोटारींच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्यासाठी आयएस १५६३३ हे मानक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे फ्रिज-एसीवर तारे देणाऱ्या बीईईने, टायरसाठीही तारांकन सुरू केले आहे. पण हे तारे मुख्यत: इंधनबचतीचे आहेत. आपल्या मुसळधार पावसाच्या देशात ओल्या पकडीची श्रेणी प्रत्येक टायरवर ठळकपणे छापलेली असणे ही चैन नाही, गरज आहे. ग्राहकांनी तिची मागणी करायला हवी.

आपला रस्ता, आपली चाचणी

महाराष्ट्रातल्या चालकाला या गुणपत्रिकेत आणखी दोन विषय जोडून घ्यावे लागतात: उष्णता आणि खड्डे.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे, बहुतांश काँक्रीटचा आहे आणि तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तासन् तास एकाच वेगाने जाणे ही टायरची खडतर परीक्षा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, जास्त वाकल्या की आत उष्णता साठते, आणि साठत गेलेली उष्णता रबर आणि पट्टे यांचा सांधा सैल करते. मग टायर फुटतो. टायरवरचे डब्ल्यू हे अक्षर ताशी २७० आणि वाय हे अक्षर ३०० किलोमीटरची क्षमता सांगते, पण ती योग्य हवा, योग्य भार आणि धड टायर यांच्या अटीवर. हवा कमी असलेला वाय अक्षराचा टायर १२० वरही फुटू शकतो. हवा तपासायची ती टायर गार असताना, आणि गाडीच्या दारावरच्या पट्टीत जो आकडा दिला आहे तोच पंपावर सांगायचा. ‘किती टाकू?’ या प्रश्नाला ‘टाका नेहमीचे’ हे उत्तर पुरेसे नाही.

खड्ड्यांचा प्रश्न बाजूच्या उंचीचा आहे. २०५/५५ आर १६ (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंच) या टायरच्या बाजूची उंची सुमारे ११३ मिलिमीटर. त्याच गाडीला मोठे रिम आणि २२५/४५ आर १७ बसवले, तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, पण बाजूची उंची १०१ मिलिमीटरवर येते. वळणावर गाडी अधिक नेमकी वागते, हे खरे. पण पावसाळी रस्त्यावर पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याची कड रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायर चिरडते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. दिसायला छान म्हणून रिम वाढवणाऱ्यांनी हा खर्च आधी धरावा.

शिवाय चाचण्या बहुधा नव्या टायरच्या होतात. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात. साचलेल्या पाण्याशी झुंजण्याची ताकद मात्र त्याच्या खूप आधीपासून उतरत जाते. म्हणून पुष्कळ तज्ज्ञ उन्हाळी टायर ३ मिलिमीटरला बदलायचा सल्ला देतात. युरोपात २०२४ पासून नव्या प्रकारच्या टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची परीक्षा द्यावी लागते. ही सुधारणा योग्य दिशेची आहे, कारण टायर आपल्या आयुष्यातला बहुतेक काळ नवा नसतोच.

दुकानात टायर समोर आला की बाजूवरच्या लंबगोलातले चार आकडे पाहा. २३२५ असे असेल, तर तो २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. सवलतीत मिळणारा टायर किती जुना आहे, ते इथे कळते.

मग कोणता घ्यावा? शर्यतीच्या पट्टीवर जायचे नसेल, तर कोरड्यातल्या वेळेचा रकाना सगळ्यात शेवटी वाचा. आधी ओला ब्रेक, मग साचलेले पाणी, त्यानंतर झीज आणि इंधन, आणि मगच किंमत. ओल्या ब्रेकमध्ये तळाला असलेला टायर यादीतून सरळ काढून टाका, तो कितीही स्वस्त असो. उरलेल्यांत जास्त फिरणाऱ्याने दीर्घायुषी टायर घ्यावा, घाटात वारंवार जाणाऱ्याने पकडीला झुकते माप द्यावे. आणि ज्यांना महागडा टायर परवडत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये: खाचा शाबूत असलेला, योग्य हवा भरलेला मध्यम टायर हा झिजलेल्या नामांकित टायरपेक्षा पावसात अधिक सुरक्षित असतो. यंदाच्या पहिल्या पावसाआधी गाडीच्या चारही टायरच्या खाचा मोजून घ्या, स्टेपनीची हवाही तपासा, आणि बदलायची वेळ आली असेल तर पुढे ढकलू नका.